घुबड मालेची एक्केचाळीस पुस्तकं

माझ्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मी अजून कमरेला खोचते. सून हसते आणि म्हणते, "आई, त्या जुन्या पुस्तकांना कोण हात लावणार आहे?" हे ती सहज विचारते की माझा अंदाज घेते, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. संशय हा माझा जन्माचा सोबती. आई म्हणायची, मी पाळण्यात होते तेव्हासुद्धा गुटी पाजणारीकडे डोळे बारीक करून बघायची. पण जन्मजात खोडीला शिकवणीची जोड मिळाली की मग विचारायला नको. मला ती शिकवणी घुबड मालेने दिली, आणि घुबड माला घरात आणली दामूकाकाने. त्या मालेपायी मी त्याच्याशी जे वागले, ते एकदा लिहून टाकायचं आहे. आता ते वाचून माझ्यावर रागवायला त्या घरातलं कुणी राहिलेलं नाही.

आमचं घर उमेळ्याला बागेतच होतं. मागे पानवेल, बाजूला केळी, पुढे मोगऱ्याचे वाफे. पहाटेपासून रहाट सुरू होई. रेडा गोल गोल फिरे, गाडगी भरून वर येत आणि पन्हळीत रिकामी होत, आणि त्या करकरीवर घरातली सगळी कामं चालत. आई तांदळाच्या भाकऱ्या थापी, त्यांची थाप आणि रहाटाची करकर यांचा एक ताल जमे. थंडीत वालाच्या शेंगा, कोनफळ, सगळं मडक्यात कोंबून उकडहंडी लागे. उन्हाळ्यात मांडवावर राजेळी केळी सोलून सुकत घातलेली असत. त्या सुकेळ्यांची राखण माझ्याकडे. कावळे, माशा आणि चुलतभावंडं यांच्यापासून राखण करता करता हातात पुस्तक घ्यायला हरकत नसे. आजही मधासारखा तो वास कुठे आला की मला आधी खून आठवतो आणि मग केळं.

दामूकाका म्हणजे आबांचा, माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. मुंबईत एका छापखान्यात बांधणीखात्यात कामाला होता. पहाटे घरच्या फुलांच्या करंड्या घेऊन निघायचा, त्या बाजारात पोचवायचा, मग कामावर जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या करंड्या घेऊन परत यायचा. त्या छापखान्यात घुबड माला छापली जाई. महिन्याला एक पुस्तक, मुखपृष्ठावर घुबड, आत चोरी नाहीतर खून, आणि तो उकलणारा एकच गुप्तहेर. घरात आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. मशीनवर नव्या फर्म्याची, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या सोळा पानांची, छपाई सुरू झाली की पहिले काही कागद वाया जात. शाई पसरलेली, मजकूर तिरका. असे रद्दी फर्मे काका घरी आणायचा, दर रविवारी ओटीवर बसून ते दुमडायचा आणि शिवायचा. शिवायला सुई होती, पण दोरा नसायचा. लढाई संपून गेली तरी सगळ्याचीच टंचाई होती. मग पानवेल बांधायला जे केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळलेली साल, आम्ही वापरायचो, त्याचाच बारीक धागा काढून, मेण लावून, तो पुस्तक शिवी. तांदळाच्या पिठाची खळ करून पुठ्ठा चिकटवी. पुठ्ठ्यावर बोरूने घुबड काढी आणि खाली आकडा टाकी. घुबड बरंचसं आमच्या रेड्यासारखं दिसे.

आईला ते घुबड घरात नको होतं. "लक्ष्मीचं वाहन असलं तरी तिनं ते बाहेर बांधून यावं," असं ती म्हणे. म्हैस दूध कमी द्यायला लागली, घुबड. पानांवर करपा पडला, घुबड. तिने सगळ्या पुस्तकांची तोंडं भिंतीकडे केली होती. मी ती रोज सरळ करी, ती रोज उलटी करी. यावरून कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही, पण वर्षभर आमची ही लढाई चालू होती. आबा मात्र मध्ये पडत नसत. दामूच्या हातात विडी नाही, पत्ते नाहीत, एवढ्यावर ते खूश होते.

आता मुख्य गोष्ट. या रद्दी पुस्तकांना बहुतेक वेळा शेवट नसे. शेवटचा फर्मा मशीनवर चढेपर्यंत शाईचा नि कागदाचा मेळ बसलेला असतो, वाया फारसं काही जात नाही, असं काका सांगे. खुनी कोण हे कळायच्या आधी पुस्तक संपायचं. पण काका कोऱ्या कागदावर शेवटची आठ-दहा पानं आपल्या हाताने लिहून आणी आणि शिवून टाकी. "छापखान्यात चांगली प्रत असते, तिच्यावरून उतरवतो," असं तो म्हणे. त्याचं अक्षर गोल, मोकळं. छापील पानावरून त्या निळ्या शाईच्या पानावर आलं की मला घरी आल्यासारखं वाटे. शनिवारी संध्याकाळी मी अंगणाच्या कवाडाशी उभी राही. काका वळणावर दिसला की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघे. शेवट मिळाला असेल तर तो लांबूनच हात हलवी. अशी एक्केचाळीस पुस्तकं झाली. मधला एक आकडा नाही असं नाही. कुणी मागितलं तरी मी पुस्तक बाहेर देत नसे. घरातल्यांना देताना पानं मोजून देई आणि परत येताना मोजून घेई. माझ्या वयाच्या मुली बांगड्या जमवत होत्या, मी आकडे जमवत होते. सतरा आहे पण अठरा नाही, याची हुरहूर काय असते हे ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक.

आमच्या बागेला लागून सिसिलच्या घरची बाग. ती माझ्याच वर्गात. तिचा मोठा भाऊ पास्कू रेल्वेत होता. तो एकदा स्टेशनावरून घुबड मालेचं सातवं पुस्तक विकत घेऊन आला. रंगीत कव्हर, खरं घुबड, पिवळे डोळे. सिसिलने ते मला दाखवायला आणलं. आमचं सातवं त्याच्यापुढे गरीब पाहुण्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "वाचलंय मी. अंगठी म्हाताऱ्या शेटजीच्या हातूनच विहिरीत पडते नि लाजेनं तो बोलत नाही." सिसिलने पुस्तक माझ्यापुढे नाचवलं. "काय बोलते गो? अंगठी भाचा चोरते. साहेब सगल्यांना दिवानखान्यात जमवते नि त्याला बेड्या घालते. तुजं पुस्तक खोटं हाय."

मी तिचं पुस्तक हिसकावून घेतलं. शेवटचं प्रकरण वाचलं. ती खरं बोलत होती. मग पास्कूने आणखी तीन पुस्तकं आणली तीही मी वाचली. एकाचाही शेवट आमच्याशी जुळेना. छापील पुस्तकांत साहेब सगळ्यांना एकत्र बसवी, एकेकासमोर उभा राही, आणि शेवटी बोट रोखी. काकाच्या पुस्तकांत साहेब संशयिताच्या घरी एकटा जाई, पाणी मागे आणि विचारी, की बाबा रे, झालं काय. कित्येकदा चोर सापडतच नसे, कारण चोरीच झालेली नसे. तेव्हा मला हे शेवट जरा मिळमिळीतच वाटले होते, पण मी म्हणायची, छापलंय तसं काकाने उतरवलंय. आता मनात पाल चुकचुकली. काकाने उतरवून आणलं नव्हतं. काका आपल्याशी खोटं बोलला होता.

एक खोटं सापडलं की माणूस दुसरं शोधायला लागतो. साहेबानेच शिकवलं होतं, की शेवटाविषयी खोटं बोलणारा सुरुवातीविषयी कशाला खरं बोलेल? छापखान्यातून कागद फुकट कोण देतं? शाळेत आम्ही पाटीवर लिहीत होतो, दुकानदार पुड्या बांधायला केळीचं पान वापरत होता, आणि आमच्या घरी शनिवारच्या शनिवारी कागद येत होता! मी काकाच्या मागे लागले. तीन शनिवार मी कवाडाशी न थांबता पानवेलीच्या आड उभी राहिले. काका वळणावर यायचा, कवाडाकडे बघायचा, मी दिसले नाही की इकडे तिकडे मान वळवायचा. माझ्या वहीत मी लिहिलं: 'आजूबाजूला पाहतो.' मग तो न्हाणीकडे जायचा, करंड्या उपड्या घालायचा आणि सदरा वर करायचा. कागद त्याच्या पोटाला गुंडाळलेले असायचे. वर पंचा बांधलेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जो माणूस सरळ मार्गाने कागद आणतो, तो ते पोटाशी लपवून का आणील?

त्याच दिवसांत काकाच्या लग्नाचं चाललं होतं. आगाशीचं स्थळ, घर बागायतीतलं, मुलगी मराठी चार यत्ता शिकलेली. काकाने ती एकदा देवळात पाहिली होती आणि त्या दिवसापासून तो रहाटाच्या तालावर शीळ घालत असे. रविवारी मुलीचे वडील, तात्या, आणि त्यांचे दोन भाऊबंद सुपारी फोडायला आले. ओटीवर घोंगडी अंथरली होती, मध्ये पानाचं तबक. आमच्याच वेलीची पानं, आईने एकेक पुसून लावलेली. आई सुकेळी आणि चहा घेऊन आली. बोलणं शेवटाला आलं होतं. तात्या खुशीत होते. त्यांनी आबांना विचारलं, "पोरग्याला कसला नाद बिद?"

"नाद एकच, पुस्तकांचा," आबा हसून म्हणाले. "कमळे, काकाची पुस्तकं आन बरं पावन्यांना दाखवायला."

मी आणली. दोन फेऱ्यांत सगळी एक्केचाळीस आणून ओटीवर मांडली. तात्यांनी एक उचललं, सोपटाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "ही घरी बांधलेली? कागद कुठला रं दामू?"

"छापखान्यातला," काका म्हणाला.

मी आत जायला हवं होतं. पण सगळे जमलेले होते, पुरावा मधोमध मांडलेला होता, आणि प्रश्न नेमका विचारला गेला होता. एक्केचाळीस पुस्तकांत मी ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण माझ्या ओटीवर चालून आला होता. मी खांबाला पाठ लावली, हात मागे घेतले आणि म्हणाले, "थांबा. या ओटीवर एक चोर बसला आहे."

पाहुण्यांतला एक जण हसला. पोरीला नाटक करायचंय असं त्याला वाटलं. मी हसले नाही. मी एकेकासमोर उभी राहिले, तात्यांसमोर, आबांसमोर, आणि काकासमोर येऊन बोट रोखलं. सगळं सांगितलं. शेवट खोटे आहेत, तो इकडे तिकडे बघतो, कागद पोटाला बांधून आणतो. वही काढून तारखा वाचून दाखवल्या. तेरा वर्षांची होते मी, पण आवाज मुळीच कापला नाही. खरं सांगायचं तर मला फार आनंद होत होता. तो आनंद आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

आईने मला दंडाला धरून मागे ओढलं तेव्हा माझं बोलून झालं होतं. आबांनी काकाकडे पाहिलं. काकाचा चेहरा पांढरा पडला होता. तो तात्यांना म्हणाला, "रद्दी असते ती. फोरमननी सांगितलं, ने म्हणून."

"लेखी काय हाय?"

"नाय. तोंडी."

तात्यांनी पुस्तक खाली ठेवलं. अगदी हळू ठेवलं. टोपी सारखी केली आणि उठले. "विचार करून कळवतो," असं म्हणाले. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ पाळण्यातल्या मुलालाही कळतो. तबकातली सुपारी तशीच राहिली. पाहुणे कवाडाबाहेर गेले तरी आई पुस्तकांकडेच बघत उभी होती. घुबडाचं नाव मात्र तिने काढलं नाही. त्या दिवशी घुबडापेक्षा वाईट काहीतरी तिने घरात पाहिलं होतं.

आबा मला मारतील असं वाटलं होतं. ते काकाशी बोलले. "दामू, चोरलं नसशील ते मला ठाव हाय. पन उद्या सगली नेऊन दे. आपल्या घरात अशी वस्तू नको जिच्यावर कोन बोट ठेवंल." काका हो म्हणाला आणि रेड्याला पाणी दाखवायला गेला. मी त्याच्या मागे गेले. मला अजून माझंच खरं वाटत होतं. तो वळला, मला बघितलं, आणि म्हणाला, "करंड्या वल्या असतात गो, कमळे. फुलांवर वलं गोनपाट घालतो नाय का आपन? करंडीत कागद ठेवला तर लगदा होईल. म्हनून पोटाला बांधतो."

जन्मापासून मी त्या करंड्या पाहत होते. त्यांच्यावर पाणी मारायचं काम तर माझंच होतं.

"आन शेवट?" मी विचारलं. माघार घ्यायची तर तीसुद्धा मला झगडूनच घ्यायची होती.

"शेवट मीच लिवायचो. गाडीत बसून. चांगली प्रत मिलायची नाय मला." त्याने रेड्याच्या मानेवरून हात फिरवला. "मला एकटीनं विचारायचं होतंस. सांगितलं असतं."

"खोटं सांगितलं असतंस," मी म्हणाले. तेवढ्यावर तो पाठ फिरवून निघून गेला.

सोमवारी त्याने फुलांच्या करंड्यांबरोबर आणखी एक करंडी घेतली, कोरडी, आणि तिच्यात एक्केचाळीस पुस्तकं भरली. संध्याकाळी ती रिकामी परत आली. काकाने आबांच्या हातात एक चिठ्ठी दिली. खराब फर्मे कामगाराने नेण्यास हरकत नव्हती, असं फोरमनने लिहून खाली शिक्का मारला होता. फोरमन म्हणे पोट धरून हसला. रद्दी परत आणून देणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. "मग पुस्तकं परत का नाय आनली?" आबांनी विचारलं. काका म्हणाला, "रद्दीवाल्याची गाडी दारात उभी होती. टाकली तिच्यात."

आबा ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्याच दिवशी आगाशीला गेले. तात्यांनी चिठ्ठी वाचली, चहा पाजला, चूक झाली म्हणाले. पण मुलीची सुपारी त्यांनी सोमवारीच दुसरीकडे फोडली होती. चोराच्या घरी मोडलेल्या सोयरिकीचा बोभाटा व्हायच्या आत त्यांना ते उरकायचं होतं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. आबा परत आले, चिठ्ठी फडताळात ठेवली. ते झोपाळ्यावर डोळे मिटून पडले, तेव्हा मी ती काढली आणि उजेडात नेऊन अक्षर तपासलं. लिहायला लाज वाटते, पण मी तपासलं. अक्षर काकाचं नव्हतं. मग मात्र मी मांडवाखाली जाऊन रडले. सुकेळ्यांवर कावळे बसले तरी उठले नाही.

काकाचं पुढे लग्न झालं. केळव्याची काकू आली, मुलंबाळं झाली, संसार चांगला झाला. तो माझ्याशी कधी वाईट बोलला नाही. माझ्या लग्नात त्यानेच मामाच्या जागी उभं राहून अंतरपाटाआड मला आणलं. पण त्याने पुन्हा एकही फर्मा घरी आणला नाही, आणि शनिवारी कवाडाशी उभं राहायला मलाही तोंड नव्हतं.

मी शिक्षिका झाले. पहिल्या पगारापासून रद्दीच्या दुकानांतून घुबड माला जमवायला सुरुवात केली. बाइंडिंग तुटलेली, वाळवी लागलेली, कुणाकुणाची नावं घातलेली. वीस वर्षं लागली. आज सगळे आकडे कपाटात आहेत, छापील शेवटांसकट. मी ती पुन्हा वाचली. साहेब बोट रोखतो ते पान आलं की मला पुढे वाचवत नाही. काकाचे शेवट आठवायचा प्रयत्न केला. विहिरीत पडलेली अंगठी आठवते, आणखी एक-दोन धूसर आठवतात. बाकीचे मी नुसते वाचून टाकले होते. एक्केचाळीस आकडे पाठ होते, शेवट पाठ नव्हते.

काका म्हातारा झाला, डोळ्यांना कमी दिसायला लागलं, तेव्हा एका सुट्टीत मी उमेळ्याला गेले. बाग अर्धी उरली होती, रहाटाच्या जागी पंप आला होता. मी एक जाड वही आणि पेन नेलं होतं. त्याला म्हटलं, "काका, तू सांग, मी लिहून घेते. ते सगळे शेवट मला परत हवेत." तो हसला. वही हातात घेऊन त्याने चाचपली, शिवण बघितली, कागद चांगला आहे म्हणाला. मग म्हणाला, "आठवत नाय गो आता."

"खरंच आठवत नाही, की मला सांगायचं नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. "काय सुचायचं ते गाडीतच सुचायचं," तो म्हणाला. "उमेळ्याला पोरगी कवाडाशी उभी हाय, तिला हात हलवून दाखवायचा हाय, एवढंच डोक्यात असायचं. तू वाट बघत होतीस म्हनून सुचत होतं. मागून कदी सुचलं नाय."

आयुष्यात त्या एका वेळी मला संशय आला नाही.